गादीवरचा डाग

या विषयावर लेख लिहावा की न लिहावा, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. ३४ वर्षे बँकेत नोकरी केलेल्या माणसाने व्याजदर, मुदतठेवी, फार तर वारसनोंदणी यांविषयी लिहावे अशी अपेक्षा असते. गादीवरील डाग आणि दुर्गंध हा काही त्याचा प्रांत नव्हे. घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनीही प्रथम विचारले, "अहो, कोणती गादी? पेढीवरची की झोपायची?" व्यापारी घरांत हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. उत्तर असे, की लेख झोपायच्या गादीवरच आहे. परंतु पेढीवरची गादी त्यात आल्यावाचून राहणार नाही.

आमचे वडील, ज्यांना आम्ही सारी भावंडे भाऊ म्हणत असू, खामगावात कापसाची अडत करीत. खामगाव म्हणजे कापसाची पेठ. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो मुख्यतः कापसाच्या गाठी मुंबईकडे नेण्यासाठीच, आणि त्या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येथे आले होते. अशा पेठेतल्या पेढीवर भाऊंनी पन्नासाहून अधिक वर्षे बैठक मारली. गादी, तीवर पांढरी चादर, पाठीशी लोड, पुढ्यात तिरपे मेज. चादरीवर शाईचा एक ठिपका पडला तरी ती त्याच संध्याकाळी बदलली जाई. वहीत खाडाखोड आणि चादरीवर डाग, या दोन्ही गोष्टी भाऊंना सारख्याच असह्य होत.

आई गेल्यानंतर भाऊ आमच्याकडे राहावयास आले, तेव्हा त्यांचे वय ८४ होते. वर्षभरात त्यांच्या खोलीत एक वास येऊ लागला. आम्ही न्हाणीघराची मोरी तपासली, भिंतीच्या ओलीला दोष दिला, उदबत्त्या लावल्या, सुगंधी फवारा आणला. पलंगाची चादर मात्र भाऊ कोणाला बदलू देत नसत. "मीच बदलतो," एवढेच म्हणत. शेवटी एके सकाळी ते मंदिरात गेले असता मी चादर उचलली. खाली वर्तमानपत्रे अंथरलेली होती, वहीच्या पानांसारखी कडेला कड जुळवून. त्यांच्याखाली गादीवर तीन-चार मोठी वर्तुळे होती, आत पिवळी आणि कडेला तपकिरी. गादी उलटून पाहिली तर मागची बाजूही तशीच. म्हणजे या वयात त्यांनी ती एकट्याने फिरवून घेतली होती.

पुढे मी जे केले त्याची मला आजही खंत वाटते. भाऊ परतले तेव्हा मी सूनबाईंच्या देखत, जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "भाऊ, सांगायचं तरी होतं!" ते काही बोलले नाहीत. त्या रात्री ते चटईवर झोपले.

याहून गंभीर गोष्ट नंतर कळली. भाऊंचा चोविहार आयुष्यभराचा होता, सूर्यास्तानंतर पाणी नाही. परंतु रात्री गादी ओली होऊ नये म्हणून त्यांनी दिवसाचे पाणीही तोडले होते. वैशाखातल्या उन्हात दिवसाकाठी दीड-दोन पेले. आठवडाभरात त्यांना थंडी वाजून ताप आला, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला आणि चार दिवस सलाईनवर काढावे लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने रात्री नियंत्रण सुटते, त्याला औषध आहे. परंतु पाणी तोडल्याने लघवी घट्ट होते, तिचा रंग आणि वास दोन्ही तीव्र होतात आणि संसर्गाला वाट मिळते. गादीवरच्या त्या गडद कडा मी डाग म्हणून पाहिल्या होत्या. त्या वाचता आल्या असत्या तर हे चार दिवस टळले असते.

भाऊ रुग्णालयात असतानाच मी ठरविले, की गादी फेकावयाची नाही. फेकली असती तर परत आल्यावर नवी गादी पाहून त्यांना काय वाटले असते, ते सांगावयास नको. मग मी त्या विषयाचा अभ्यास सुरू केला. काही फार्मसीच्या पदवीधर भाच्याकडून कळले, काही गावातल्या पिंजाऱ्याकडून, आणि बरेचसे चुकांतून.

पहिली चूक मी केली ती फिनेल आणि अत्तर यांची. वासावर वास चढविणे म्हणजे बुडीत कर्जाला नवे कर्ज देऊन खाते चालू दाखविणे; बँकेत आम्ही हे पुष्कळ पाहिले आहे. दुसरी चूक, गरम पाणी ओतले. गादीला आत निचरा नसतो. जितके पाणी वरून जाईल तितका डाग खाली आणि रुंद पसरतो.

मूळ कारण असे आहे. ताजी लघवी बहुधा किंचित आम्लधर्मी असते. तिच्यातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. डोळ्याला झोंबणारा तो वास याचाच. युरिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून धुतल्यावर निघून जातो. परंतु युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात फारच थोडे विरघळतात आणि तंतूंना चिकटून राहतात. उन्हाळ्यात गादी कोरडी असेपर्यंत ते गप्प असतात. आषाढात हवेतली ओल लागली की वास पुन्हा उठतो. "उन्हात टाकली होती, गेला होता वास, परत कसा आला?" असे जे आपण म्हणतो त्याचे उत्तर हेच. ऊन ओल घालविते, स्फटिक घालवीत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. डाग ताजा असेल तर जुन्या धोतराची किंवा पंचाची जाड घडी त्यावर ठेवून तळहाताने भार द्यावा, घडी बदलीत जावी. घासू नये. कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे वर्तुळ वाढत नाही. नंतर सौम्य आम्ल. पुष्कळ ठिकाणी पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेण्यास सांगतात. आंबवून केलेला म्हणून आपल्यातील अनेक घरांत व्हिनेगर येत नाही, आमच्याही येत नाही. त्याने काही अडत नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे विरघळवावे आणि फवाऱ्याच्या बाटलीने डागावर मारावे. ओतावयाचे नाही. दहा मिनिटांनी पुन्हा घडीने टिपून घ्यावे, मग साध्या पाण्याचा फवारा मारून पुन्हा टिपावे. आम्ल अमोनियाला बांधून टाकते, वासाचा पहिला जोर तेथेच मोडतो.

यानंतर खाण्याचा सोडा कोरडाच पसरावा आणि रात्रभर राहू द्यावा. तो उरलेली ओल आणि वास ओढून घेतो. सकाळी कुंच्याने झटकावा किंवा व्हॅक्यूमने ओढावा. येथे एक गैरसमज सांगून टाकतो. आम्ल आणि सोडा एकाच वेळी टाकले की छान फेस येतो आणि काहीतरी घडते आहे असा भास होतो. तो फेस म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड. जमा आणि खर्च एकमेकांत वळते होतात, हाती शिल्लक काही राहत नाही. दोन्ही वापरावे, पण मागेपुढे.

सोडा म्हणताना खाण्याचाच, धुण्याचा नव्हे, हेही लक्षात असावे. आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी ज्याने इतके खारे आणि क्षारधर्मी झाले आहे, त्यात मुख्य वाटा धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा आहे. पूर्वी तेथील क्षार गोळा करून साबण व काचेसाठी वापरीत. आता ते सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे, तेव्हा तिकडे दुरून हात जोडावेत. हा सोडा तीव्र असतो, त्वचेला लागतो आणि गादीत राहिला तर झोपणाऱ्याच्या पाठीला खाज सुटते.

आमचा डाग जुना होता, त्यामुळे एवढ्याने भागले नाही. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लागले. औषधाच्या दुकानात ते बहुधा २० व्हॉल्यूम म्हणून मिळते, त्याची तीव्रता सुमारे ६ टक्के असते. त्यात तितकेच पाणी घालून ३ टक्क्यांवर आणावे. अशा एका पेल्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब घालून लगेच डागावर फवारावे. हे मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये, आत वायू साठून बाटली फुटू शकते. हातमोजे घालावेत. गादीपाटाच्या पट्ट्यांचा रंगही ते उडविते, म्हणून आधी कोपऱ्यात पाहून घ्यावे. डाग डोळ्यांदेखत फिका होतो. वाळल्यावर पांढरी भुकटी उरते ती झटकून टाकावी. आमच्या गादीला हे तीनदा करावे लागले. तपकिरी कडा गेल्या, पिवळी झाक थोडी राहिली. ती अजूनही आहे. कोणी शंभर टक्के स्वच्छतेची हमी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

युरिक आम्लासाठी सर्वांत उपयोगी पडतात ती एन्झाइमयुक्त द्रावणे. ती त्या स्फटिकांचेच विघटन करतात. एन्झाइम सजीव असतात का, असा प्रश्न आमच्या घरी निघाला होता. एन्झाइम हे प्रथिन आहे, जीव नव्हे. परंतु बाजारातल्या काही द्रावणांत जिवाणूही घातलेले असतात, म्हणून वेष्टन वाचून घ्यावे आणि ज्याने त्याने ठरवावे.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. कपड्यांचे क्लोरीनवाले ब्लीच लघवीच्या डागावर ओतू नये. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन आणि आम्लाशी होऊन क्लोरीन असे विषारी वायू निघतात. बंद खोलीत वृद्ध माणूस झोपलेला असताना हे फारच धोक्याचे आहे. लिंबूसत्त्व आणि पेरॉक्साइड हेही एकत्र मिसळू नयेत; एकाचे पाणी टिपून झाल्यावर दुसरे घ्यावे.

बाकीच्या डागांविषयी थोडक्यात सांगतो. रक्ताला थंडच पाणी. गरम पाण्याने त्यातील प्रथिन शिजते आणि डाग धाग्यात बसतो. थंड मिठाच्या पाण्याने टिपावे, जुना असेल तर वरचे पेरॉक्साइड. (घरातल्या मुली असे डाग रात्री-अपरात्री गुपचूप काढीत बसतात. त्यांना ही कृती माहीत असावी, आणि दिवसाउजेडी करण्याची मोकळीकही असावी.) हळदीवर साबण लागला की डाग लाल होतो आणि सारे घाबरतात. ती हळदीची प्रकृती आहे, क्षार लागला की लाल, आम्ल लागले की पुन्हा पिवळी. लिंबू लावून दोन दिवस कडक ऊन दाखवावे. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. तेल किंवा बाम सांडले तर आधी पाणी नकोच. टाल्कम पावडर किंवा बेसन दाबून दोन तास ठेवावे, मग साबणाचा फेस. शाईला स्पिरिट, कापसाच्या बोळ्याने टिपून. लोखंडी पलंगाच्या गंजाला लिंबू-मीठ.

हे सारे कापसाच्या गादीविषयी झाले. फोमच्या गादीचा स्वभाव वेगळा आहे. ती भिजवू नये, आत गेलेले पाणी आठवडाभर निघत नाही. आणि ती उन्हातही टाकू नये. उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. भिंतीशी उभी करून दोन्ही बाजूंनी पंख्याचा वारा द्यावा. काथ्याच्या गादीला ओल लागली की बुरशी ठरलेली, म्हणून तीही उभी करून वाऱ्यावरच वाळवावी.

कापसाच्या गादीचा मोठेपणा असा, की ती उसवता येते. आमच्या गादीचा मधला भाग फारच भिजून घट्ट झाला होता. पिंजाऱ्याने एका बाजूची शिवण उसवून तेवढाच थर बाहेर काढला, खोळ धुवावयास दिली आणि काढलेली रुई उन्हात पसरून मग पिंजून दिली. त्याच्या लहानपणी त्याचे वडील खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरत, आता यंत्र आहे. "साहेब, ओली रुई कधी पिंजायची नाही, गुठळी पडते. आधी सुकू द्या, मग मी हात लावतो," असे तो म्हणाला. दाभणाने टाके घालून त्याने दोन दिवसांत गादी पूर्वीसारखी केली. फेकलेल्या फोमच्या गादीचे असे काही होत नाही, ती गावाबाहेर उकिरड्यावर वर्षानुवर्षे पडून राहते.

धुतलेल्या पाण्याचाही विचार व्हावा. आपल्याकडे पाच समित्यांत परिष्ठापनेला स्थान आहे. त्याज्य वस्तू जीवजंतू नसलेल्या कोरड्या जागी टाकावी, साचू देऊ नये. बादलीतले पाणी गटारीत साचू देण्यापेक्षा उन्हातल्या मोकळ्या जागी पातळ पसरून टाकणे, एवढे सहज जमते. ढेकणांचेही तसेच. एकदा गादीत ढेकूण झाले की मारावे की सोसावे हा वाद घरोघर होतो आणि त्यातून कोणी सुखरूप बाहेर पडत नाही. चातुर्मास बसण्यापूर्वी, ज्येष्ठातले शेवटचे कडक ऊन असताना घरातल्या साऱ्या गाद्या वाळवून घेणे, पलंगाच्या सांध्यांत कुंचा फिरविणे, हीच त्यावरची यतना. ओल नसली की बुरशी धरत नाही, सांधे झटकलेले असले की ढेकणांना आसरा मिळत नाही.

भाऊ घरी आले तेव्हा त्यांच्या पलंगावर गादी, तीवर जलरोधक आवरण, मग सुती चादर, मग पुन्हा एक लहान रबरी पट्टा आणि त्यावर आडवी चादर अशी व्यवस्था होती. रात्री काही झाले तर वरची दोनच काढावयाची, दिवाही लावावा लागत नाही. कोपऱ्यात झाकणाची बादली ठेवली होती. कोणी काही विचारीत नसे. सूनबाई सकाळी बादली उचलून नेत, जशी दुधाची पातेली उचलावी तशी. पाण्याचे वेळापत्रक मी कागदावर लिहून भिंतीला लावले, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आठ पेले, आणि प्रत्येक पेल्यापुढे खूण करण्यास भाऊंनाच पेन्सिल दिली. हिशेब पुरा झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चोविहार अबाधित राहिला.

परंतु पहिले काही दिवस ते माझ्याशी मोजकेच बोलत होते. मग एके दुपारी गच्चीवर मी दुसऱ्या पलंगाची गादी वाळवीत होतो. बाजेवर टाकली होती, म्हणजे खालून वारा लागावा. थेट फरशीवर टाकली तर खालची ओल अडकून राहते. दर दोन तासांनी उलटीत होतो आणि ऊन उतरण्याआधी खाली नेण्याच्या घाईत होतो. मी एक पुस्तकी हिशेबही केला होता. कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा नेहमीच्या हवेतही असतो, म्हणजे १० किलो रुईत ८५० ग्रॅम पाणी. तेव्हा गादी धुण्यापूर्वीच्या वजनावर परत आली की वाळली असे समजावे. जुन्या दुकानातला काटा त्यासाठी वर चढविला होता.

भाऊ काठी टेकीत जिना चढून वर आले. काटा पाहिला, माझा कागद पाहिला आणि काहीच न बोलता शिवणीच्या फटीतून दोन बोटांनी चिमूटभर रुई ओढून घेतली. ती मुठीत दाबली, गालाला लावली, मग मूठ उघडली. कोरडा कापूस मूठ उघडताच फुलून येतो, ओला बसून राहतो. पन्नास वर्षे बाजारात गाड्या उतरत असताना त्यांनी हेच केले होते, आणि शेतकरी व गिरणीवाले दोघेही त्यांचा शब्द मानीत.

तळहातावरची रुई त्यांनी मला दाखविली. मधोमध किंचित दबलेली होती.

"काटा खाली ने," ते म्हणाले. "अजून एक ऊन लागेल."

त्यानंतर तीन वर्षे, ते असेपर्यंत, घरातली कोणतीही गादी त्यांनी हात लावून पाहिल्याशिवाय खाली आली नाही.